वाचकांचे प्रश्न : मागवलेला डेटा आणि पडद्यावरचा तक्ता

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच कामाविषयी आहेत : सर्व्हरकडून डेटा मागवायचा आणि तो वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये तक्त्याच्या रूपात दाखवायचा. ऐकताना हे काम अर्ध्या तासाचे वाटते आणि पुष्कळदा ते दोन दिवस खाते. पत्रांतील तक्रार तक्त्याची असली, तरी दोष बहुधा तक्त्यात नसतो. डेटा केव्हा पोहोचला, कोणत्या रूपात पोहोचला, की पोहोचलाच नाही, यांत तो असतो. त्यामुळे निरनिराळे विषय घेण्याऐवजी या एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी 'फेच' वापरून वस्तूंची यादी मागवतो. आधी एक रिकामा अ‍ॅरे तयार केला आहे, 'देन'च्या (डेटा आल्यावर चालणाऱ्या भागाच्या) आत तो भरला आहे आणि त्याच्या खालच्या ओळीत लूप चालवून तक्त्याच्या ओळी तयार केल्या आहेत. कन्सोलमध्ये अ‍ॅरे उघडून पाहिला तर सगळ्या वस्तू दिसतात. तक्त्यात मात्र केवळ शीर्षकाची ओळ येते. कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. चूक कुठे आहे?

उत्तर : 'त्याच्या खालच्या ओळीत' हे आपले शब्दच चुकीची जागा दाखवतात. 'फेच' डेटा देत नाही, तो 'प्रॉमिस' देतो, म्हणजे डेटा पुढे केव्हातरी मिळेल याची हमी देतो, आणि ब्राउझर न थांबता खालची ओळ चालवायला घेतो. त्या क्षणी अ‍ॅरे रिकामा असतो, लूप शून्य वेळा फिरतो, आणि शून्य वेळा फिरणे ही कोणाच्याही लेखी चूक नसल्यामुळे त्रुटीही उमटत नाही. काही क्षणांनी डेटा येतो आणि अ‍ॅरे भरतो, पण तोवर तक्ता काढून झालेला असतो.

कन्सोलने आपली दिशाभूल केली, तीही समजून घेण्याजोगी आहे. कन्सोलमध्ये छापलेला अ‍ॅरे आपण बाण दाबून उलगडतो, तेव्हा ब्राउझर त्याची छापतानाची नव्हे, तर उलगडतानाची स्थिती दाखवतो. आपला हात बाणापर्यंत पोहोचेपर्यंत डेटा येऊन गेलेला असतो. छापतानाची स्थिती पाहायची असेल, तर अ‍ॅरेची लांबी छापावी; संख्या एकदा छापली की बदलत नाही.

उपाय सोपा आहे. तक्ता काढण्याचे काम एका स्वतंत्र फंक्शनमध्ये ठेवावे आणि ते 'देन'च्या आतून बोलवावे, किंवा 'असिंक' आणि 'अवेट' (प्रॉमिस पुरे होईपर्यंत थांबायला लावणारे शब्द) वापरून ओळी वरून खाली वाचता येतील अशा क्रमाने लिहाव्यात. प्रतिसादातील मजकुराचा डेटा करून देणारे 'जेसॉन' हे फंक्शनही प्रॉमिसच देते, म्हणून तेथेही 'अवेट' हवा. तो विसरला, तर हाती येते ते प्रॉमिस, ज्यावर लूप चालत नाही.

आपण विचारलेली नसली, तरी पुढे हमखास आडवी येणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमध्ये बिघाड) हा संकेतांक पाठवला, तरी 'फेच'च्या दृष्टीने विनंती यशस्वी असते, कारण उत्तर मिळालेले असते. प्रॉमिस नाकारले जाते ते जाळ्यातच अडथळा आला किंवा ब्राउझरने विनंती अडवली तर. त्यामुळे 'कॅच' (प्रॉमिस नाकारले गेल्यास चालणारा भाग) लिहिला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. प्रतिसादाचा 'ओके' हा गुणधर्म तपासावा; संकेतांक २०० ते २९९ च्या दरम्यान असेल तरच तो खरा असतो. हे केले की तक्त्याच्या चार अवस्था आपोआप समोर येतात : डेटा येत आहे, डेटा आला, डेटा आला पण त्यात एकही नोंद नाही, आणि डेटा येऊ शकला नाही. पहिली, तिसरी आणि चौथी अवस्था पडद्यावर सारखीच कोरी दिसत असेल, तर वापरणाऱ्याने नेमके काय समजावे? 'नोंदी नाहीत' आणि 'नोंदी आणता आल्या नाहीत' ही दोन वाक्ये वेगळी दाखवणे हे सजावटीचे काम नाही. त्यावर कोणीतरी निर्णय घेणार असतो. जुन्या पद्धतीत सर्व्हरच भरलेले पान पाठवत असे, म्हणून या अवस्थांचा विचार करावा लागत नव्हता. २००५ मध्ये 'एजॅक्स' हे नाव रूढ झाले, पान तसेच ठेवून केवळ डेटा मागवण्याची पद्धत पसरली आणि हे काम आपल्याकडे आले.

प्रश्न : ज्या पत्त्यावरून डेटा मिळतो, तो ब्राउझरच्या पत्तापट्टीत टाकला तर जेसॉन (डेटा लिहिण्याचे मजकुरी रूप) व्यवस्थित दिसतो. माझ्या पानावरून मागवला, तर 'कॉर्स'ची त्रुटी येते आणि तक्ता कोराच राहतो. विनंतीत कोणता हेडर (सोबत जाणारी माहितीची ओळ) जोडावा?

उत्तर : कोणताही नाही. परवानगी देणारा हेडर प्रतिसादात असावा लागतो आणि तो सर्व्हर पाठवतो. एका ठिकाणाहून आलेल्या पानाने दुसऱ्या ठिकाणचा डेटा वाचू नये, असा ब्राउझरचा नियम आहे आणि समोरच्या सर्व्हरने स्पष्ट मुभा दिली तरच तो शिथिल होतो; मुभा देण्याच्या या पद्धतीलाच 'कॉर्स' म्हणतात. पत्तापट्टीत कोणतेही पान मध्ये नसते, म्हणून तेथे अडत नाही. सर्व्हर आपला असेल तर त्यात ती मुभा द्यावी. परका असेल तर आपल्या सर्व्हरकडून तो डेटा आणवून पानाला पुरवावा. विनंतीची पद्धत 'नो-कॉर्स' करण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने त्रुटी नाहीशी होते, परंतु प्रतिसाद असा बंद होऊन येतो की त्यातील एक अक्षरही आपल्या कोडला वाचता येत नाही. हा सल्ला कोणी कशाला देतो, याचे मला कोडेच आहे.

प्रश्न : प्रत्येक नोंदीसाठी टॅग आणि मजकूर जोडून एक मोठी स्ट्रिंग करून मी ती 'इनरएचटीएमएल'मध्ये (दिलेला मजकूर टॅगसह पानात उतरवणाऱ्या गुणधर्मात) ठेवतो. सहकाऱ्यांच्या मते हे धोक्याचे आहे. डेटा बाहेरचा नाही, आमच्याच डेटाबेसमधला आहे. तरीही धोका संभवतो का?

उत्तर : डेटाबेस आपला आहे, पण त्यात मजकूर कोणी भरला? नाव, शेरा, पत्ता असे जे रकाने वापरणाऱ्यांनी भरलेले असतात, ते परक्याच्या हातचेच मानावेत. 'इनरएचटीएमएल'मधून आलेला 'स्क्रिप्ट' टॅग चालत नाही, हे खरे आहे आणि त्यामुळेच अनेकांना खोटा दिलासा मिळतो. चित्राचा टॅग घालून त्याचा पत्ता मुद्दाम चुकीचा द्यायचा आणि 'ऑनएरर'मध्ये कोड लिहायचा, एवढे केले की तो कोड तक्ता उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या अधिकारांनिशी चालतो.

समजा, सगळे वापरकर्ते सज्जन आहेत. तरीही एखाद्याने शेऱ्यात 'लहान' दर्शवणारे कोनी चिन्ह लिहून त्याला जोडून एखादे इंग्रजी अक्षर लिहिले, तर ब्राउझर त्याला टॅगची सुरुवात समजेल आणि पुढचा मजकूर गिळून टाकेल. म्हणून प्रत्येक कप्पा स्वतंत्र तयार करून मजकूर 'टेक्स्टकंटेंट'मध्ये द्यावा; तेथे टॅगही साधा मजकूरच राहतो. तक्त्यासाठी 'इन्सर्टरो' आणि 'इन्सर्टसेल' ही फंक्शने ब्राउझरमध्ये आधीपासून आहेत. नव्या ओळी भरण्यापूर्वी 'टीबॉडी'तील (तक्त्याच्या शीर्षकाखालच्या भागातील) जुन्या ओळी काढून टाकाव्यात; 'रिप्लेसचिल्ड्रन' हे दोन्ही कामे एकदम करते. संपूर्ण 'टेबल' रिकामा केला, तर शीर्षकाची ओळही जाते.

लूपमध्ये 'इनरएचटीएमएल'ला प्रत्येक फेरीत थोडा थोडा मजकूर जोडत जाणे ही आणखी एक सवय सोडण्यासारखी आहे. प्रत्येक वेळी ब्राउझर आधीचा सगळा तक्ता मोडतो आणि पुन्हा उभारतो. ओळींना बांधलेले क्लिक-हँडलर त्यात नाहीसे होतात. रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररीत मजकूर आपोआप निर्धोक केला जातो, आणि ती सोय टाळण्याच्या मार्गाला त्यांनी 'डेंजरसलीसेटइनरएचटीएमएल' असे नाव ठेवले आहे, ते लिहिताना बोटे थबकावीत म्हणूनच.

प्रश्न : वजनाच्या स्तंभावर क्लिक केले की १०० आधी आणि ९ नंतर येतात. शिवाय शिल्लक साठा शून्य असेल तेथे शून्याऐवजी आडवी रेघ दिसते. दोन्हींचे कारण एकच आहे का?

उत्तर : कारणे दोन आहेत, परंतु मूळ सवय एक आहे : मूळ मूल्य आणि दाखवायचे मूल्य यांत फरक न करणे.

प्रथम क्रमाविषयी. जावास्क्रिप्टमधील 'सॉर्ट'ला तुलना करणारे फंक्शन दिले नाही, तर ते प्रत्येक घटक स्ट्रिंग समजून लावते, मग घटक संख्या असले तरीही. १ हे अक्षर ९ च्या आधीचे, म्हणून १०० आधी. तुलनेसाठी दोन संख्यांची वजाबाकी परत करणारे फंक्शन द्यावे. पण त्याआधी त्या खरोखर संख्या आहेत ना, हे पाहावे. जेसॉनमध्ये वजन अवतरणचिन्हांत आले असेल, तर ती स्ट्रिंग आहे. साध्या आकड्यांची स्ट्रिंग वजाबाकीत आपोआप संख्या होते. पण तीत स्वल्पविराम किंवा 'किलो' हा शब्द असेल, तर वजाबाकीतून 'नॅन' ('संख्या नाही' असे मूल्य) निघते आणि क्रम कोणताही लागतो. म्हणून डेटा येताच एकदाच त्याचे शुद्ध संख्येत रूपांतर करून ठेवावे, क्रम त्या संख्येवर लावावा आणि स्वल्पविराम, एकक, दशांशस्थळे हे सारे कप्प्यात लिहिताना शेवटी द्यावे. तारखांनाही हेच लागू आहे. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलेली तारीख स्ट्रिंग म्हणूनही बरोबर लागते. दिवस आधी लिहिलेली लागत नाही. मात्र केवळ तारीख असलेली अशी स्ट्रिंग 'डेट'ला दिली, तर ती जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र मानली जाते आणि त्या वेळेच्या मागे असलेल्या प्रदेशांत पडद्यावर आदला दिवस दिसतो.

आता आडवी रेघ. मूल्य नसेल तर रेघ दाखवण्यासाठी आपण दोन उभ्या दांड्यांचा 'ऑर' वापरला असणार. त्या चिन्हाच्या लेखी शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि 'नल' हे सगळे असत्य असतात. त्याऐवजी दोन प्रश्नचिन्हांचे चिन्ह वापरावे. ते केवळ 'नल' आणि 'अनडिफाइन्ड' यांनाच गैरहजर मानते. साठा शून्य आहे ही माहिती आहे, साठा ठाऊक नाही ही माहितीची उणीव आहे, आणि तक्त्याने या दोहोंची गल्लत करता कामा नये. क्रम लावतानाही गैरहजर मूल्यांचे स्थान आपण ठरवावे. चढता क्रम असो वा उतरता, ती शेवटी ठेवणे मला सोयीचे वाटते.

नावांच्या स्तंभासाठी 'इंटल' मधील 'कोलेटर' (भाषेनुसार क्रम ठरवणारे साधन) वापरावा आणि त्याला भाषा सांगावी. नुसत्या युनिकोड क्रमात 'ळ' हे 'ल'च्या लगेच पुढे येते, तर आपल्या वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'च्या नंतर आहे. कोलेटर एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरावा. प्रत्येक तुलनेत नवा करत बसू नये.

एक सूचना ओळख-क्रमांकांविषयी. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक अचूक धरते. सर्व्हर याहून मोठे क्रमांक संख्या म्हणून पाठवत असेल, तर शेवटचे आकडे गुपचूप बदलतात आणि तक्त्यातील दुवा भलतीच नोंद उघडतो. असे क्रमांक स्ट्रिंग म्हणून मागवावेत. त्यांची बेरीज कोणी करत नाही.

प्रश्न : रिअ‍ॅक्टमध्ये तक्ता केला आहे. दुसऱ्या ओळीतील चौकटीत खूण केली आणि क्रम बदलला, तर नोंद खाली जाते पण खूण दुसऱ्या क्रमांकाच्या ओळीतच राहते. तसेच पान उघडल्यापासून सर्व्हरकडे सारख्या विनंत्या जात राहतात.

उत्तर : आपण ओळीची 'की' म्हणून अ‍ॅरेतील अनुक्रमांक दिला असावा. कोणती ओळ म्हणजे पूर्वीची कोणती, हे रिअ‍ॅक्ट 'की'वरून ओळखते. क्रम बदलला तरी दुसरी ओळ 'दुसरी'च राहते, म्हणून चौकट जागची हलत नाही. नोंदीचा स्वतःचा कायम क्रमांक 'की' म्हणून द्यावा.

सारख्या विनंत्यांचे कारण 'यूजइफेक्ट'ला (रेखाटनानंतर काम चालवणाऱ्या फंक्शनला) अवलंबनांची यादी, म्हणजे कोणती मूल्ये बदलल्यावर ते काम पुन्हा करायचे याची यादी, न देणे हे असणार. ती नसली की प्रत्येक रेखाटनानंतर डेटा मागवला जातो, डेटा आल्याने स्थिती बदलते, स्थिती बदलल्याने पुन्हा रेखाटन होते. यादी दिल्यावरही विकसनाच्या वेळी दोन विनंत्या दिसल्या तर घाबरू नये; रिअ‍ॅक्टच्या १८ व्या आवृत्तीपासून 'स्ट्रिक्टमोड' (चुका लवकर उघड करणारी तपासणी) प्रत्येक इफेक्ट मुद्दाम एकदा जास्त चालवतो, आणि प्रत्यक्ष वापराच्या बांधणीत तसे होत नाही.

प्रश्न : शोधचौकटीत अक्षरे भरभर टाइप केली, तर तक्त्यात कधी कधी आधीच्या अर्धवट शब्दाचे निकाल राहतात. असे का?

उत्तर : विनंत्या ज्या क्रमाने गेल्या, त्याच क्रमाने उत्तरे परत येतील याची शाश्वती नसते. तीन अक्षरांच्या शोधाला सर्व्हरला जास्त वेळ लागला आणि पाच अक्षरांचे उत्तर आधी आले, तर मागाहून येणारे जुने उत्तर नव्यावर लिहिले जाते. 'अबॉर्टकंट्रोलर' वापरून नवी विनंती पाठवताना जुनी रद्द करावी. रद्द झालेली विनंती 'कॅच'मध्ये 'अबॉर्टएरर' म्हणून येते. ती वापरणाऱ्याला बिघाड म्हणून दाखवू नये. टाइप करणे क्षणभर थांबल्यावरच विनंती पाठवणे चांगले, पण तेवढ्याने ही शर्यत संपत नाही, केवळ कमी वेळा होते.

प्रश्न : आमच्या तक्त्यात पन्नास हजार नोंदी आणि आठ स्तंभ आहेत. डेटा दोन सेकंदांत येतो, पण त्यानंतर पान बराच वेळ गोठते. कोणती लायब्ररी घ्यावी?

उत्तर : लायब्ररीआधी हिशेब पाहू. पन्नास हजार गुणिले आठ म्हणजे चार लाख कप्पे, आणि प्रत्येक कप्पा ब्राउझरला तयार करायचा, मापायचा आणि जागेवर बसवायचा आहे. त्यातही तक्त्याची नेहमीची मांडणी अशी, की स्तंभांच्या रुंद्या ठरवण्यासाठी सगळ्या ओळींतील मजकूर पाहावा लागतो. 'टेबल-लेआउट' हा गुणधर्म 'फिक्स्ड' केला आणि तक्त्याला रुंदी दिली, तर रुंद्या पहिल्या ओळीवरून ठरतात. ही एका ओळीची सुधारणा आधी करून पाहावी, परंतु पन्नास हजार ओळींना ती पुरणार नाही.

खरा प्रश्न असा, की पन्नास हजार ओळी वाचणार कोण? माझा कल सर्व्हरवर पाने पाडण्याकडे आणि सोबत चांगला शोध देण्याकडे असतो. मात्र पाने सर्व्हरवर पाडली, तर क्रम लावणे आणि गाळणेही सर्व्हरवरच न्यावे लागते. ब्राउझरमध्ये क्रम लावला, तर केवळ समोरच्या पन्नास ओळींचा क्रम लागतो. सर्वांत जड वस्तू म्हणून जी पहिली दिसते, ती त्या पानावरची सर्वांत जड असते, संपूर्ण यादीतील नव्हे. हा दोष मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे, की नवा तक्ता दिसला की प्रथम तेच तपासतो.

पाने पाडताना क्रमात शेवटी एकमेव असणारा स्तंभ, बहुधा ओळख-क्रमांक, जोडावा. समान वजनाच्या नोंदींचा आपसांतील क्रम डेटाबेसने ठरवला, तर तो दर वेळी तोच असेल असे नाही आणि एखादी नोंद दोन पानांवर दिसते, तर एखादी कुठेच नाही. 'इतक्या नोंदी वगळून पुढच्या द्या' या पद्धतीत आणखी एक अडचण आहे : दरम्यान वरच्या बाजूला नवी नोंद आली, की सगळे एका घराने सरकते. नोंदी सतत भरल्या जात असतील, तर 'या नोंदीच्या पुढच्या द्या' अशी मागणी करावी.

सगळ्या नोंदी एकाच सलग तक्त्यात हव्यातच, असा आग्रह असेल, तर जेवढ्या दिसतात तेवढ्याच ओळी ठेवणारी आभासी सरकपद्धत वापरता येते. तिची किंमत आधी जाणून घ्यावी. पडद्याबाहेरच्या ओळी पानात नसल्यामुळे ब्राउझरच्या 'पानात शोधा' या सोयीला त्या सापडत नाहीत, छापील प्रतीत त्या येत नाहीत, आणि पडदावाचकाला (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनाला) एकूण ओळी किती हे 'एरिया-रोकाउंट'ने वेगळे सांगावे लागते.

प्रश्न : 'टेबल' टॅग जुनाट असून तक्तेही 'डिव्ह' आणि ग्रिडनेच करावेत, असे आम्हाला शिकवले गेले. हे बरोबर आहे का?

उत्तर : अर्धवट ऐकलेला सल्ला आहे. १९९७ च्या जानेवारीत एचटीएमएल ३.२ मध्ये तक्ते अधिकृत झाले, तेव्हा पानाची मांडणी करण्याचे दुसरे चांगले साधन नसल्याने लोकांनी अख्खी पाने तक्त्यांत कोंबली. 'तक्ता वापरू नका' हे त्या प्रकाराविषयी होते. ओळी आणि स्तंभ असलेल्या डेटासाठी 'टेबल' हाच योग्य टॅग आहे, कारण पडदावाचक कप्पा वाचताना त्याचा स्तंभ कोणता हे त्यावरूनच सांगतो. शीर्षकांना 'टीएच' आणि 'स्कोप' द्यावा, तक्त्याला 'कॅप्शन' द्यावे, क्रम लावण्यासाठी शीर्षकात खरे बटण ठेवावे आणि लावलेला क्रम 'एरिया-सॉर्ट'ने सांगावा. अरुंद पडद्यासाठी ओळींचा 'डिस्प्ले' बदलून त्यांची कार्डे करण्याची पद्धत आहे. काही ब्राउझरमध्ये त्यामुळे हीच तक्त्याची ओळख पुसली जाते. त्यापेक्षा तक्त्याभोवती आडवी सरकणारी चौकट ठेवावी, आणि ती कळफलकावरूनही सरकावी म्हणून तिला 'टॅबइंडेक्स' शून्य द्यावा. संख्यांचे स्तंभ उजवीकडे टेकवून त्यांना समान रुंदीचे आकडे देणारा 'टॅब्युलर-नम्स' लावला, की एककाखाली एकक येते.